रेथ, गार आणि माशांचा भाला: पांढऱ्या नाईलकाठच्या तीन शेजाऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण सुदानमधल्या शिल्लुक, नुएर आणि डिंका या तीन समाजांचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न हमखास येतात. राजाला खरंच मारत होते का? कपाळावरच्या त्या रेघा कसल्या? एकाच नदीवर राहून एकाकडे राजा आणि दुसऱ्याकडे नाही, असं का? या प्रश्नांना सवडीने उत्तरं द्यावीत असं बरेच दिवस मनात होतं.

हे तिघे नेमके कुठले, आणि एकमेकांचे कोण?

सुद नावाच्या अफाट दलदलीतून बाहेर पडलेला पांढरा नाईल उत्तरेकडे वळतो आणि मलकाल शहराच्या जवळ त्याला सोबात नदी मिळते. या भागात नदीच्या प्रामुख्याने पश्चिम काठाने शिल्लुकांची गावं एकापुढे एक लागलेली आहेत. दक्षिणेला, दलदलीच्या दोन्ही अंगांना, नुएर राहतात. त्यांच्या भोवती दूरवर पसरलेले डिंका. ही सगळी नावं बाहेरच्यांनी रूढ केलेली. शिल्लुक स्वतःला चोलो म्हणतात, नुएर नाथ म्हणतात आणि डिंका जिएंग.

तिघांच्या भाषा एकाच नायलोटिक कुळातल्या. नुएर आणि डिंका या सख्ख्या बहिणी, शिल्लुक त्यांची चुलत बहीण. शिल्लुकांचं जवळचं नातं केनिया-युगांडातल्या लुओ आणि अचोलींशी आहे. तिघेही गुरं पाळतात, ज्वारी पेरतात, मासे मारतात. गुरांचा जीव की प्राण, हेही तिघांत समान. म्हणून तर त्यांच्यातला फरक इतका डोळ्यांत भरतो.

'दैवी राजा' म्हणजे शिल्लुक आपल्या राजाला देव मानतात का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. शिल्लुकांचा देव जुओक. तो वेगळा. राजाला ते 'रेथ' म्हणतात, आणि रेथमध्ये वास करतो तो न्यिकांग. न्यिकांग हा त्यांचा मूळपुरुष. भावाशी भांडून तो आपली माणसं घेऊन निघाला, वाटेत सूर्याशीसुद्धा लढला आणि या नदीकाठी त्याने राज्य वसवलं, अशी कथा आहे. त्याची आई न्याकाया नदीतली, मगरींच्या कुळातली. न्यिकांग मेला असं शिल्लुक म्हणत नाहीत. तो वावटळीत नाहीसा झाला.

मराठी वाचकाला हे समजायला 'अंगात येणं' हा आपला शब्द पुष्कळ उपयोगी पडतो. फरक इतकाच की इथे न्यिकांग घटकाभर येऊन जात नाही. राज्यावर बसलेल्या माणसाच्या अंगात तो कायमचा येतो, आणि त्या माणसाच्या मृत्यूनंतर पुढच्याच्या अंगात जातो. तीसहून अधिक रेथ होऊन गेले, पण शिल्लुकांच्या लेखी राज्य पहिल्यापासून एकाचंच.

मग न्यिकांग नव्या राजाच्या अंगात येतो कसा?

हा सोहळा मला आफ्रिकेतल्या सगळ्या राज्यारोहणांत विलक्षण वाटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

रेथ गेला की शिल्लुक म्हणतात, 'भूमीच उरली नाही'. सगळं थांबतं. न्यिकांग उत्तरेकडच्या अकुर्वा गावातल्या आपल्या देवळात परततो. तिथे त्याची मूर्ती असते. मूर्ती म्हणजे दगडी नव्हे. बांबूचा दांडा, त्यावर कापड आणि वर शहामृगाच्या पिसांचा तुरा. पुढचा रेथ राजपुत्रांमधून निवडला गेला की ही मूर्ती, आणि तिच्यासोबत न्यिकांगचा मुलगा डाक याची मूर्ती, उत्तरेकडून फौजफाट्यासह निघते. वाटेतल्या गावांतून फिरते, लोक दर्शनाला येतात. शिल्लुकांचा देश उत्तर आणि दक्षिण अशा दोन अर्ध्यांत विभागलेला आहे. उत्तरेचा अर्धा न्यिकांगच्या बाजूने, दक्षिणेचा नव्या राजाच्या बाजूने. राजधानी फशोदाजवळच्या एका ओढ्यावर दोन्ही फौजा समोरासमोर येतात आणि लुटुपुटूची लढाई होते. शस्त्रं म्हणून धान्याची धाटं.

या लढाईत राजा हरतो. न्यिकांग त्याला पकडतो आणि कैदी म्हणून फशोदाला आणतो. तिथे सिंहासनावर, म्हणजे एका बुटक्या चौरंगावर, आधी न्यिकांगची मूर्ती ठेवतात. मग ती उचलतात आणि त्याच चौरंगावर राजाला बसवतात. राजा थरथर कापू लागतो. न्यिकांग अंगात आला.

बऱ्याच वर्णनांत गोष्ट इथे संपते, पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. राजाची एका ठरावीक मुलीशी सोयरीक झालेली असते. न्यिकांगची मूर्ती येऊन तिला पळवते. कारण काय? तिच्यासाठी दिलेली गुरं माझी होती, असा त्याचा दावा. पुन्हा दोन फौजा भिडतात, आणि या वेळी राजा जिंकतो. पहिल्या लढाईत तो नुसता राजपुत्र होता म्हणून हरला. आता त्याच्यातच न्यिकांग आहे, त्यामुळे समोरची मूर्ती त्याच्यापुढे नमते. पकडणं, वेगळं काढणं, कमीपणा देणं आणि मग नवं माणूस म्हणून परत आणणं: कुठल्याही दीक्षाविधीचा हाच क्रम असतो. माझ्या मते रेथचा राज्याभिषेक ही एका माणसाची दीक्षाच आहे. फक्त ती सगळ्या देशाच्या वतीने होते.

राजा म्हातारा किंवा आजारी झाला की त्याला ठार मारत, हे खरं आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. 1910 च्या सुमारास ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स सेलिगमन शिल्लुक देशात गेले आणि त्यांनी हे ऐकून लिहिलं: रेथची शक्ती ओसरू लागली, तो आजारी पडला, राण्यांना तो पुरा पडेना, की त्याला मृत्यू देत. एका झोपडीत एका तरुणीसह त्याला ठेवून दार लिंपून टाकत, असंही सांगितलं जाई. त्यामागचा विचार असा की रेथचं शरीर खंगलं तर गुरं खंगतील, पीक जाईल, माणसं मरतील. दैवी राजाचं बळ ओसरलं की त्याचा वध करतात, असा सिद्धान्त मांडणारे अभ्यासक जेम्स फ्रेझर यांना तर त्याचा जिवंत पुरावाच मिळाला, आणि त्यांच्यामुळे शिल्लुकांचं नाव जगभर झालं.

नंतर 1948 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड इव्हान्स-प्रिचर्ड यांनी एका व्याख्यानात यावर बोट ठेवलं. अशा विधिवत् वधाचा एकही पक्का पुरावा त्यांना दिसला नाही. दिसली ती बंडं. प्रत्येक राजपुत्र फशोदाबाहेर, बहुधा आईच्या गावी वाढायचा. त्याच्यामागे त्या गावाचं बळ असायचं, आणि रेथला आव्हान द्यायचा हक्क कुठल्याही राजपुत्राला होता. रेथ रात्री जागा राहायचा आणि दिवसा झोपायचा, असं म्हणतात ते याच भीतीपायी. तेव्हा राजे मारले गेले, पण ते भाऊबंदांच्या हातून. दुष्काळ पडला, रोगराई आली की 'न्यिकांग याच्यावर नाराज आहे' असं म्हणायला बंडखोराला आधार मिळायचा.

मला इव्हान्स-प्रिचर्ड यांचं म्हणणं बरचसं पटतं. पण सगळं नाही. 'राजाला आजारपणाने मरू द्यायचं नसतं' हा समज शिल्लुक स्वतः सांगत होते. तो कुणी युरोपातून आणला नव्हता. एखादी गोष्ट प्रत्यक्ष किती वेळा घडली यापेक्षा ती घडू शकते हे सगळ्यांना, आणि मुख्य म्हणजे राजाला, ठाऊक असणं हीसुद्धा त्या समाजातली एक खरी शक्ती होती.

रेथचं शासन कसं चालायचं?

जवळजवळ नाहीच चालायचं. वसाहतीच्या आधीच्या काळातही रेथकडे गावोगाव अधिकारी आणि कचेऱ्या असं काही नव्हतं. गावं आपापल्या मुखियांच्या हाताखाली चालत. रेथ पावसासाठी, युद्धाआधी, रोगराईत न्यिकांगला बळी देई. मोठं भांडण असलं तर त्यात आपलं वजन टाकी. तो शिल्लुकांचं एकत्व धरून होता, कारभार नाही.

कधी राणी झाली होती का?

परंपरेत एक सांगतात, अबुदोक. तिच्यानंतर बाई राज्यावर बसली नाही. फशोदाला कायमची राजधानी केली ती तिच्या नंतरच्या तुगो या रेथने, सतराव्या शतकाच्या अखेरीस.

फशोदा म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातलं तेच का?

तेच. 10 जुलै 1898 रोजी फ्रेंच कॅप्टन मार्शां तिथे पोचला, सप्टेंबरमध्ये इंग्रज सेनापती किचनेर आपल्या बोटी घेऊन आला, आणि इंग्लंड-फ्रान्स युद्धाच्या काठावर उभे राहिले. पुढे इंग्रजांनी ठाण्याचं नाव बदलून कोडोक केलं. शाळेत 'फशोदा प्रकरण' शिकवतात तेव्हा ही एका जिवंत राज्याची पवित्र राजधानी होती, हे मात्र कुणी सांगत नाही. याचं मला नेहमी वाईट वाटतं.

'गार' म्हणजे काय?

नुएरांचा दीक्षाविधी. मुलगा साधारण चौदा ते सोळा वर्षांचा झाला की त्याच्या कपाळावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सहा आडव्या रेघा कापतात. हत्यार म्हणजे एक छोटी सुरी. मुलगा जमिनीवर आडवा असतो, आणि त्याने हलायचं नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही. कापणं इतकं खोल की वण जन्मभर राहतात.

हे वर्षात केव्हाही होत नाही. पावसाळ्याच्या शेवटी करतात, कारण तेव्हा घरात दाणे असतात, दूध असतं, आणि उत्तरेचा गार वारा सुटलेला असतो. त्याने जखमा लवकर भरतात. एका गावातली मुलं मिळून हा विधी करून घेतात आणि जखमा भरेपर्यंत इतरांपासून थोडी वेगळी राहतात. काही वर्षं अशी मुलं घेतली की 'गुरांचा माणूस' म्हणून ओळखला जाणारा विधिकर्ता तो हंगाम बंद झाल्याचं जाहीर करतो. तेवढ्या वर्षांत कापली गेलेली सगळी मुलं एका वयोगटाची. तो वयोगट मरेपर्यंत सुटत नाही. कोण कुणाला मान देणार, कुणाबरोबर बरोबरीने थट्टा करणार, हे त्यावर ठरतं.

त्यानंतर मुलाच्या आयुष्यात काय बदलतं?

सगळ्यात मोठी गोष्ट: तो पुन्हा कधीही गाय पिळत नाही. धार काढणं हे बायकांचं आणि न कापलेल्या मुलांचं काम. म्हणजे काल ज्या आचळाला हात लावत होता ते आज वर्ज्य. वाचताना हे क्षुल्लक वाटेल. पण ज्या समाजात दूध हेच अन्न आहे तिथे पुरुष कितीही तरबेज असला तरी बाईशिवाय किंवा लहान मुलाशिवाय उपाशी राहील, अशी ही व्यवस्था आहे.

बाप त्याला भाला आणि बैल देतो. त्या बैलाच्या रंगावरून, शिंगांच्या वळणावरून त्याला नवं नाव मिळतं आणि सोबती त्याला त्याच नावाने हाक मारतात. तो बैलाला घुंगरू-गोंडे बांधतो, संध्याकाळी त्याच्याभोवती गात फिरतो. डिंकांमध्येही असंच. नाचताना डिंका तरुण दोन्ही हात वर करून आपल्या बैलाच्या शिंगांचा आकार धरतात. गुरांच्या रंगांसाठी दोन्ही भाषांत जी शब्दसंपत्ती आहे ती पाहून आपल्या खिल्लारीवर जीव टाकणाऱ्या शेतकऱ्यालाही नवल वाटेल.

मुलींसाठी नुएरांमध्ये असा विधी नाही. आणि सुंताही नाही. हा प्रश्न बरेच जण विचारतात म्हणून सांगितलं.

डिंका आणि शिल्लुकांच्या कपाळावरही खुणा असतात ना?

असतात. पुष्कळ डिंका गटांत इंग्रजी व्ही अक्षरासारखे, कपाळाच्या मध्यावर मिळणारे वण असतात. गटागटांत नक्षी बदलते. शिल्लुकांमध्ये भुवयांच्या वर मण्यांच्या माळेसारखी उठावदार ठिपक्यांची रांग. जुन्या पिढीत कपाळ पाहून माणूस कुठला ते कळायचं.

नुएरांना राजा नाही, मग खून झाला तर निवाडा कोण करतो?

बिबट्याचं कातडं पांघरणारा एक माणूस. नुएर त्याला 'कुआर मुऑन' म्हणतात, म्हणजे भूमीचा पुजारी. खून करणारा पळत त्याच्या घरी येतो. तिथे त्याच्यावर कुणी हात टाकू शकत नाही. पुजारी त्याच्या दंडावर चीर देऊन मेलेल्याचं रक्त बाहेर वाहू देतो, कारण ते रक्त याच्या अंगात शिरलेलं असतं. ते होईपर्यंत त्याने अन्न-पाणी घ्यायचं नाही. मग पुजारी दोन्ही घरांकडे खेपा घालतो. मेलेल्याचे नातेवाईक आधी ठाम नकार देतात. द्यायलाच हवा, नाहीतर मेलेल्याचा अपमान. शेवटी चाळीस-पन्नास गुरांवर मिटतं.

पण हा राजा नव्हे. त्याच्याकडे शिपाई नाहीत, हुकूम नाही. तो शाप देऊ शकतो, एवढंच. नुएर कुणाचाही हुकूम ऐकून घेत नाहीत, हे 1930 च्या दशकात त्यांच्यात राहिलेल्या इव्हान्स-प्रिचर्ड यांनी पानोपानी नोंदवलं आहे. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नुएरांमध्ये न्गुनदेंग नावाचा मोठा द्रष्टा झाला, त्याने मातीचा प्रचंड मनोरा उभारला, लांबून लोक आले. त्याचा शब्द मानला गेला, पण सिंहासन त्यालाही मिळालं नाही. 1928 मध्ये इंग्रजांनी तो मनोरा सुरुंग लावून उडवायचा प्रयत्न केला. त्याची पवित्र काठी विलायतेला गेली होती, ती 2009 मध्ये जुबाला, म्हणजे आजच्या दक्षिण सुदानच्या राजधानीत, परत आली.

डिंकांचं काय? ते आपल्या पुजाऱ्याला जिवंत पुरत, असं वाचलं आहे.

डिंकांमध्ये 'बन्य बिथ', म्हणजे मासे मारायच्या भाल्याचे स्वामी, अशी पिढीजात घराणी आहेत. त्यांची कथा ऐवेल लोंगार याच्यापासून सुरू होते. तो नदीच्या शक्तीपासून, तोंडात सगळे दात घेऊन जन्मला. लोक नदी ओलांडून चांगल्या कुरणाकडे जाऊ पाहत होते, तेव्हा तो काठावर उभा राहून एकेकाला भाल्याने टिपत होता, बोरूच्या बेटातले मासे टिपावेत तसा. अखेर एकाने युक्तीने आणि बळाने त्याला धरलं. तेव्हा लोंगार थकला आणि त्याने आपले भाले लोकांना देऊन टाकले. मारणारा तोच तारणारा, हे या कथेचं मर्म.

अशा स्वामीच्या देहात 'रिंग' असते. शब्दाचा अर्थ मांस, पण तेच दैवताचंही नाव. प्रार्थना रंगात आली की त्याच्या मांड्यांचे स्नायू थरथरतात. स्वामी खूप म्हातारा झाला, मरण जवळ आलंसं वाटलं, की तो स्वतःच मुलांना सांगतो. खड्डा खणतात, त्याला त्यात ठेवतात, वरून शेण रचतात. तो आतून बोलत असतो तोवर लोक भोवती गातात. रडायचं नाही. तो 'मेला' असंही म्हणायचं नाही. 1940 च्या दशकाच्या अखेरीस तिथे राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ गॉडफ्री लीनहार्ट यांनी ही वर्णनं गोळा केली. सरकारने तेव्हा त्यावर बंदी घातली होती.

याला क्रूर म्हणण्याआधी एक लक्षात घ्या: साध्या माणसाचा श्वास त्याच्याबरोबर जातो, स्वामीचा मात्र लोकांसाठी मागे ठेवायचा असतो. तो नकळत, झोपेत सुटून गेला तर सगळ्यांचंच बळ गेलं. म्हणून तो स्वतः वेळ ठरवतो.

शेजारी असून इतका फरक का?

एक कारण जमिनीत आहे. शिल्लुकांची वस्ती नदीकाठच्या उंचवट्यावर, सलग आणि कायमची. नुएर आणि डिंका मात्र पावसाळ्यात उंचावरच्या गावांत आणि उन्हाळ्यात पाण्याजवळच्या गोठ्यांत, गुरांमागे फिरते. फिरत्या माणसांवर एक सिंहासन बसवणं अवघड.

पण माझ्या मते खरा फरक वेगळ्या जागी आहे. आपल्या समाजाचा जीव ठेवायचा कुठे, हा प्रश्न तिघांपुढे होता. शिल्लुकांनी तो एका माणसाच्या देहात ठेवला. डिंकांनी पुष्कळ स्वामींच्या देहांत वाटला. नुएरांनी तो प्रत्येक पुरुषाच्या कपाळावर कोरला. तिन्हीकडे माध्यम शरीरच, आणि तिन्हीकडे त्या शरीराला आधी काहीतरी सोसावं लागतं. म्हणून दीक्षा आणि राजपद हे दोन वेगळे विषय म्हणून वाचू नयेत असं मला मनापासून वाटतं.

गार म्हणजे नुएरांची मुंजच म्हणायची का?

मुंज डोळ्यांसमोर आणली तर 'पुन्हा जन्मणं' एवढं साम्य आहे. त्यापलीकडे तुलना ताणू नये. मुंज कुळ आणि वर्ण दाखवते. गार सगळ्या नुएर मुलांना एका पातळीवर आणते.

आज यातलं काय उरलं आहे?

9 जुलै 2011 ला दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि डिसेंबर 2013 मध्ये यादवी पेटली. जुबात नुएरांना वेचून मारलं गेलं तेव्हा कपाळावरचे वणच ओळख ठरले. त्याच्या आधीपासून, 1980 च्या दशकापासून, शिकलेले आणि बंडखोर फौजेतले नुएर गारला विरोध करत होते. आज असंख्य नुएर तरुणांची कपाळं कोरी आहेत. मलकाल शहर वारंवार हात बदलत उद्ध्वस्त झालं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या छावणीत शिल्लुक, नुएर, डिंका एकाच कुंपणात येऊन पडले. त्या छावणीच्या रक्षणात भारतीय जवानांची तुकडीही होती.

रेथ मात्र आहेत. क्वोंगो दाक पादिएत 1993 मध्ये न्यिकांगच्या चौरंगावर बसले.

आणि जुने विधी फक्त आठवणीपुरते उरले, असंही नाही. 1999 साली वुनलित या गावी पश्चिम काठाचे डिंका आणि नुएर अनेक वर्षांचं वैर मिटवायला जमले. भाल्यांचे स्वामी आले, नुएरांचे पुजारी आले. दिवसेंदिवस प्रत्येक बाजूने आपल्या मेलेल्यांची, पळवलेल्या बायकांची आणि गुरांची हकिकत सांगितली, दुसऱ्या बाजूने ती ऐकून घेतली. सभेसाठी एक पांढरा बैल बळी दिला गेला, आणि हा करार मोडणाऱ्याची गत या बैलासारखी होवो, अशी शपथ दोन्ही बाजूंनी घेतली.